किल्ली वहिनीकडे

मला राग येतो आणि तो मी लगेच बोलून टाकते, हे आमच्या वेधशाळेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी किल्ली माझ्याकडेच दिली. माझी नणंद त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर विश्वाच्या नकाशाचा अभ्यास करते, घरी एकाच टेबलावर जेवते, आणि आमचं दोघींचं रोज कशावरून तरी वाजतं. संचालक म्हणाले होते की भावजयीच्या पोटातलं नणंदेला कधी कळायचं नाही. सगळे हसले, मीही हसले.

किल्ली म्हणजे एक आकडा. लाखो दीर्घिकांची अंतरं मोजून आम्ही नकाशा केला, पण अभ्यास करणाऱ्यांना तो देताना अंतरांत मुद्दाम थोडी खोट मिसळतात. नाहीतर माणूस नकळत ओढूनताणून आपल्याला हवं तेच उत्तर काढतो. खोट किती, हे फक्त किल्लीवालीला माहीत. नकाशा जगासाठी खुला होईल त्या दिवशी ती काढायची. तोवर ब्र काढायचा नाही.

नणंदेला आधीच्या एका छोट्या नकाशात विश्वाचं पसरणं मंदावल्याची खूण दिसली होती, आलेखाच्या रेघेला आलेला एक बाक. या मोठ्या नकाशात ती टिकली तर तिला इथं कायमची जागा. नाही टिकली तर वर्षअखेर गाशा गुंडाळून कुठल्यातरी परक्या गावी. कितीतरी वर्षं ती बाई त्या एका खुणेवर जगली.

तीन महिन्यांपूर्वी, खोट नीट निघते का हे तपासायला, मी तिचीच आकडेमोड खऱ्या अंतरांवर चालवून पाहिली. तसा नियमच आहे. खुणेचा पत्ता नव्हता. पडद्यावर सरळसोट रेघ. पुन्हा चालवली, रेघ तसूभर हलली नाही.

तेव्हापासून घरात माझा जीव थाऱ्यावर नाही. ती जेवताना आपल्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खोलीला नवे पडदे कुठले लावू म्हणून विचारायची आणि मी पाणी आणायला उठायचे. एक शब्द निसटला असता तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. लोक म्हणाले असते, यांना उत्तर आधीच फुटलं होतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. तिने ओला टॉवेल पलंगावर फेकला, मी मुकाट्याने वाळत घातला. माझी छत्री हरवून आली, मी म्हटलं, असू दे गं. रोज जेवण झालं की ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची, मी समजायचे काम करतेय. नवऱ्याने विचारलं, तुला बरं नाही का? मग त्याच्यावर खेकसले.

आज सकाळी सगळे सभागृहात जमले. आकडा टाइप करताना एकदा चुकलाच. मग खोट निघाली, नकाशा जगाला खुला झाला आणि मोठ्या पडद्यावर नणंदेची रेघ आली. सरळ. तेवढ्यात जगभरातून नकाशा उतरवून घेणाऱ्यांचा आकडा भराभर चढायला लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या टाळ्यांचा संताप आला.

ती बाहेर पडली, तिच्यामागे मी जिन्यात गेले. सांगितलं की मला माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "तू माझ्याशी भांडायची थांबलीस, वहिनी. एका दिवसात."

म्हणजे फोडलं ते मीच. मग तिने सांगितलं की दुसऱ्याच दिवशी तिने आपली सगळी आकडेमोड संचालकांकडे कुलूपबंद करून दिली, कारणासकट: वहिनी गोड वागतेय. नंतर त्या आकडेमोडीला हात लावला नाही. आज नकाशाबरोबर तीही खुली झाली होती. ज्याला शंका येईल त्याने उघडून तपासावी, त्या दिवसानंतर एक आकडाही बदललेला नाही.

कामच बंद होतं, तर रोज जेवण झालं की दार लावून काय करत होतीस, मी विचारलं.

"रडत होते," ती म्हणाली. "तुझ्यासमोर रडले असते तर तुला कळलं असतं, तुझ्याकडून फुटलं ते."