कुटुंबप्रमुखाच्या समक्ष

दुकान उघडायच्या आधीच आत्या काजं करायला बसली होती. दुकान भावाचं, मशीन भावाचं, दारावरची पाटी भावाची. काजं, बटणं, तुरपाई मात्र तिची. नवरा गेल्यावर ती या घरी आली, तेव्हापासून एका शर्टाचीही मजुरी तिच्या हातावर पडली नव्हती. जिन्याखाली, चिंध्यांच्या पोत्यांशेजारी तिचं अंथरूण. सगळ्यांची जेवणं झाली की ती जेवायची, उरलं तर. "बहिणीला मी वाऱ्यावर सोडलं नाही," असं तिचा शिंपी भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची.

त्या दिवशी तिची मुलाखत होती. आपल्या परिसरातल्या जगण्यावर संशोधन करायला कॉलेजने निधी दिला होता. प्राध्यापक आणि विद्यार्थी विधवांच्या घरोघर हिंडत होते. विधवांना राहायला खोली आणि कामाची मजुरी देणारं घर उघडायचं की नाही, हे नगरपालिका त्यांच्या अहवालावरून ठरवणार होती. आत्याला तिथे जायचं होतं. हे तिने फक्त भाचीला, शिंप्याच्या मुलीला सांगितलं होतं. भाची त्याच संशोधनातली विद्यार्थिनी होती.

प्राध्यापकांना मुलं पाठीमागे 'पद्धतशीर' म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली: मुलाखत कुटुंबप्रमुखाच्या समक्ष.

"बाई, इथे काही त्रास?"

आत्याने तोंड उघडलं. गळ्यात टेप अडकवून दारात उभा असलेला भाऊ खाकरला.

"त्रास कसला? सुखात आहे," ती म्हणाली.

रस्त्यावर येताच भाची भडकली. "सर, बाबा दारात उभे होते!"

"मग? घर त्यांचं आहे. उद्या त्यांनी तक्रार केली तर निधी बंद होईल."

"प्रत्येक घरात कोणी ना कोणी खाकरतंच आहे, सर."

"खाकरणं कुठल्या रकान्यात लिहू, ते सांग!" सर हसले.

अहवाल तयार झाला. परिसरातल्या विधवा समाधानी आहेत, असा त्याचा निष्कर्ष. शिकल्यासवरल्या माणसांनी कॉलेजच्या पैशाने बायकांची तोंडं दाबू दिली, आणि त्या गप्प आहेत म्हणून त्यांना सुखी ठरवलं!

अहवाल सादर करायला सभागृहात कार्यक्रम ठेवला, मुलाखती दिलेल्या विधवांना आणि त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं. नगराध्यक्ष बाई समोर बसल्या. सरांनी नमुना म्हणून आत्याला मंचावर बोलावलं. वहिनीने तिला आपले चांगले कपडे दिले होते. "डाग पाडू नका हं वन्सं, परत हवेत."

"सांगा बाई, कशा आहात?" सरांनी माईक पुढे केला.

पहिल्या रांगेत भाऊ खाकरला.

आत्या त्याच्याकडे वळली. "खाकरू नकोस, दादा. ऐकू आलं मला." हशा पिकला आणि लगेच विरला, कारण ती हसत नव्हती. "साहेब, याला आधी बाहेर काढा. मग मला विचारा."

भाऊ उसळला. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"वासे मला दिसतात कुठे? मी जिन्याखाली झोपते."

"पण मुलाखतीत तर तुम्ही..." सर चाचरले.

"तेव्हाही हाच होता दारात."

भाची उठून बापासमोर उभी राहिली. "बाबा, बाहेर चला."

"पुन्हा घरात पाऊल टाकू नका! दोघीही!" म्हणत तो तरातरा निघून गेला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी बोलली, "आमच्याकडचाही आलाय. त्यालाही काढा."

त्यानंतर बायका बोलत राहिल्या. अहवाल मागे घ्यावा लागला.

ते घर अजून उघडलेलं नाही. फाइल फिरते आहे. आत्या मात्र जिन्याखाली परतली नाही. ती आणि भाची भाड्याच्या खोलीत राहतात, आणि काजांची मजुरी आत्याच्याच हातात पडते. भाची पुन्हा घरोघर हिंडते. सर सोबत असतात. घरातल्या पुरुषाला बाहेर नेऊन दार ओढून घ्यायचं काम आता त्यांच्याकडे आहे.

उद्या ती तुमच्याही घरी येईल. तुमच्या बहिणीला, आईला, भावजयीला एकटीला विचारेल. त्या वेळी तुमचा घसा खवखवलाच, तर रस्त्यावर जाऊन खाकरा.