खुंटीला शिवलेला एप्रन

शिवणकारखान्यात एक रीत होती. पंधरा दिवसांहून जास्त रजा घेतली, की माणसाचा एप्रन खुंटीवरून उतरायचा आणि त्याचं मशीन दुसऱ्याकडे जायचं. म्हणून आपलं बाळ चौदा दिवसांचं होताच तिथे काम करणारा मुलगा डबा घेऊन कामावर निघाला. सून अजून भिंत धरून उठत होती.

"महिन्याची रजा मंजूर आहे ना?" आईने विचारलं.

"आहे गं. पण मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, दूध तू पाजणार का?"

आईने तीस वर्षं तिथेच शिवण केली होती. याच्या जन्मानंतर पंधराव्या दिवशी मशीनवर बसले, असं ती मिरवून सांगायची. याचं पहिलं पाऊल शेजारणीने पाहिलं, एवढं मात्र सांगत नसे.

तिने डबा काढून घेतला, त्याच्या हातात बाळ दिलं आणि कारखाना गाठला.

"मुकादमा, सुईत दोरा ओवायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, मावशी."

"अक्कलही ओवायला हवी होती. दूध आई पाजते रे, पण लंगोट काय तू येऊन धुणार?"

मशीनवरच्या बायका माना खाली घालून हसल्या. आईने सुईदोरा काढला आणि मुलाच्या एप्रनचा बंद खुंटीभोवती घट्ट शिवून टाकला.

"महिन्याने तो येऊन उसवेल. तोवर माझी शिवण उसवायची कुणाची टाप आहे?"

मुकादमाने हातातली कात्री गुपचूप खिशात घातली.

घरी मुलाने बाळाला लंगोट उलटा बांधला होता. "असू दे, महिना आहे शिकायला," म्हणत ती सुनेला उठायला हात द्यायला गेली.