चार हात

माझा धाकटा भाऊ प्रोग्रामर होता. डेव्हलपर लोकांच्या वार्षिक परिषदेत बोलायचं त्याचं कधीपासून मनात होतं. यंदा त्याची निवड झाली, आणि परिषदेच्या दोन महिने आधी तो वारला. त्याने लिहून ठेवलेलं भाषण तिथे मीच वाचून दाखवलं. मी नर्स, निम्मं माझ्याच डोक्यावरून गेलं.

शेवटी न राहवून मी विचारलं, "त्याचा प्रोग्राम कोण कोण वापरतं?"

भरल्या सभागृहात चार हात वर झाले. घरी तर तो म्हणायचा, "ताई, अख्खं जग वापरतं!"

खाली उतरून मी चौघांनाही भेटले. चौथा चाचरत म्हणाला, "त्यात एक चूक होती. मी तीनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. मी चिडलो होतो त्यांच्यावर."

"आजारी होता हो तो," म्हणताना मला रडूच फुटलं.