अनसूया बोलत का नाही

जुन्या कादंबऱ्यांबद्दल माझं पहिलं चिंतन असं, की त्यांत चंद्र फार वेळ उगवत राहतो. आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात तो समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागून निमूटपणे वर येतो आणि त्याच्यावर कुणी तीन पानं खर्च करत नाही.

मी बाहेरून मराठीचं एम.ए. करते. त्यात एका अभिजात कादंबरीवर 'वाचनचिंतन' लिहून द्यायचं होतं. चिंतन स्वतःचं हवं, नेटवरून उचललेलं चालणार नाही, असं खाली ठळक अक्षरांत बजावलं होतं. म्हणजे पुस्तक वाचणं आलं. मी विहाराच्या कपाटातून एक जाडजूड कादंबरी आणली. नाव सांगत नाही, कारण माझे मार्क अजून यायचेत. रोज उघडायची, चंद्र उगवायला लागायचा आणि माझी मान पडायची.

"मोठ्यानं वाच ना विशा, आमच्यासमोर," आई म्हणाली. "झोपली का आमी उठवू."

दुपारी आमच्या पुढच्या खोलीत आई, शेजारच्या मालतीमावशी आणि वरच्या मजल्यावरच्या सुवर्णावहिनी साड्यांवर खडे चिकटवायला बसतात. हात कामात, कान रिकामे. मला वाटलं, बरं झालं, माझंही काम होईल आणि यांची करमणूकही होईल. पण तेव्हा वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत विहारात रोज धम्माचा ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पान गाळायचं नाही आणि एक दिवसही खंड पाडायचा नाही. या तिघींना पुस्तक ऐकायची दुसरी रीतच ठाऊक नाही. त्यामुळे पहिल्याच दुपारी पाट आला, पाटावर पांढरं कापड आलं आणि त्यावर माझी प्रेमकथा विराजमान झाली. प्रकरण संपलं की मालतीमावशी डिंकाचे हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हणायच्या. त्या प्रकरणात सासूनं सुनेला उपाशी ठेवलेलं असलं तरीही.

एकदा मी हळूच चंद्र गाळायला गेले.

"थांब," आई म्हणाली. "दोन पानं संगंच उलटली तुनं."

आले मी परत. चंद्र पूर्ण उगवला, मगच पुढे जाऊ दिलं.

गोष्ट म्हणाल तर एवढीशीच. अनसूयेला दिनकर आवडतो, दिनकरला अनसूया आवडते, आणि दोनशे पानं झाली तरी दोघं ही गोष्ट कुणालाही सांगत नाहीत. एकमेकांनाही नाही. दिनकर नदीकाठी बसून उसासे टाकतो.

"हा दिनकर काम काय करते?" सुवर्णावहिनींनी विचारलं.

मी मागची पानं चाळली. "काहीच नाही. नदीवर बसतो."

"सकाळपासून?"

"सकाळचं लिहिलेलं नाही."

"आपल्या तापीवर बसला असता तं हवालदारानं उठवला असता," मालतीमावशी म्हणाल्या.

अनसूयेच्या जरीकाठी लुगड्याचं वर्णन मात्र तिघींनी कान टवकारून ऐकलं. जरी सुरतेचीच असणार यावर एकमत झालं, आणि काठाची रुंदी लेखकानं चुकीची दिली आहे यावरही. पण खरा राग सगळ्यांचा अनसूयेवर. दिनकर निदान नदीला तरी सांगतो. ही बाई उंबरठ्यात उभी राहते, खिडकीत उभी राहते, तुळशीपाशी उभी राहते आणि मूग गिळून बसते.

"काहून बोलत नाही वं ती?" आईनं डिंकाची बाटली आपटली. "बाप काय खाते का तिले? माह्या पोटची असती ना, तं म्हटलं असतं, बोल माय, काय आहे मनात!"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुस्तकात तोंड खुपसलं. 

कारण त्याच दिवसांत मला स्थळ आलं होतं. मुलगा धम्मरत्न, कडोदऱ्याच्या मिलमध्ये सुपरवायझर. बाबांचा जन्म लूम दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी मुलाला दुरून एकदा पाहिलं आणि बिघाड नाही असं जाहीर केलं. आईनं नव्या चादरी काढल्या. रविवारी ती मंडळी येणार आणि पसंत पडलं तर साखरपुड्याची तारीख काढूनच उठणार, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मुलगा दारुडा असता तर सोपं होतं हो. पण तो चांगला होता, आईबाबा खूश होते आणि माझ्यापाशी सांगायला एवढंच होतं, की मला आत्ता लग्न करायचं नाही. मला एम.ए. संपवायचंय, शिकवायचंय. केवढंसं वाक्य! आई समोर आली की ते ओठांवरून माघारी फिरायचं. मी घाबरत होते, सरळ सांगते. तिच्या तोंडावरचं हसू माझ्यामुळे जाईल याला घाबरत होते. दोनशे पानं अनसूयेच्या नावानं बोटं मोडणारी मी स्वतः ब्र काढत नव्हते.

रविवार उजाडला. पाहुणे चारला येणार म्हणून साड्या, खडे, डिंक सगळं पलंगाखाली गेलं. पण वाचनाचं काय? त्या दिवशीच्या प्रकरणात अनसूयेचे वडील तिला समोर बोलावून विचारणार होते, एवढं आदल्या दिवशी कळलं होतं.

"खंड पाडाचा नाही," मालतीमावशींनी निकाल दिला. "पाहुणे याच्या आधी उरकून टाकू."

म्हणून जेवणं झाल्या झाल्या तिघी नव्या साड्या नेसून ओळीनं बसल्या. मी पाटामागे. पहिलं पान संपतंय न संपतंय तोच दार वाजलं. पाहुणे लवकर आले होते.

धम्मरत्नच्या आई, कौसल्याबाई, दारातच थबकल्या. पांढरं कापड, त्यावर पुस्तक, ओळीनं बसलेल्या बायका. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पुस्तकापुढे वाकून नमस्कार केला.

"वर्षावासाचं वाचन चालू दिसते," त्या आईला म्हणाल्या. "थांबू नका ताई. मधात थांबवू नाही. आमी बी आयकतो."

आणि बसल्या की! मुलगाही शेजारी मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून बसला. आतून बाबा पेढ्यांचा डबा घेऊन आले, पाहुणे नमस्काराला बसलेले बघून तेही डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकले. ही कादंबरी आहे हे सांगायची हिंमत खोलीत एकीचीही झाली नाही. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं: वाच.

मी वाचलं, "'दिनकराच्या नेत्रांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. हे चंद्रा, तूच सांग, तिचे ते करकमल माझ्या करी कधी येईल?'"

धम्मरत्ननं एक डोळा उघडला.

"हे कोणत्या भागात येते?" कौसल्याबाईंनी हळूच विचारलं.

"पुढं आहे," मालतीमावशी गंभीरपणे म्हणाल्या. "आयका."

त्यांनी ऐकलं. पानभर संशयानं ऐकलं आणि दुसऱ्या पानापासून पुढे सरकून ऐकायला लागल्या. दिनकर नदीवर रडत असताना इकडे अनसूयेच्या वडिलांनी इनामदाराच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं होतं, हे सुवर्णावहिनींनी त्यांच्या कानात भरलं. मग वडिलांनी अनसूयेला माजघरात बोलावलं.

"'अनसूये, हे स्थळ तुला मान्य आहे ना?'" मी वाचलं.

"आता सांगन ना ती?" कौसल्याबाईंना राहवेना.

"कायची सांगते!" मालतीमावशी म्हणाल्या. "पहिल्या पानापासून गप आहे."

"असं कसं? पोरीनं सांगतल्याशिवाय मायबापाले कसं कळन?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आईनं हलवली, डबा सांभाळत बाबांनी हलवली, दोन्ही डोळे उघडे ठेवून धम्मरत्ननंही हलवली.

पानावर पुढे असं होतं: 'अनसूयेने लज्जेने मान खाली घातली व ती पायाच्या अंगठ्याने भूमी उकरू लागली. वडील काय समजायचे ते समजले.' मी खाली पाहिलं. माझाही अंगठा लादीवर फिरत होता. लादी उकरत नाही, एवढाच फरक. मला एकदम त्या बाईचा भयंकर राग आला, आणि तिच्या लेखकाचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

"'अनसूया म्हणाली,'" मी वाचलं आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "'नाही बाबा. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला आत्ता लग्न करायचं नाही. मला आधी एम.ए. पूर्ण करायचं आहे.'"

"बोलली माय एकदाची!" मालतीमावशींनी मांडीवर थाप मारली.

"पण त्या काळी एम.ए. होतं?" सुवर्णावहिनी म्हणाल्या.

 बाबांनी पेढ्यांच्या डब्यावर हात ठेवला. आई उठली, माझ्याजवळ येऊन वाकली आणि पानावर बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. आई वाचते सावकाश, पण गाळत काही नाही.

"इथं तं ती मान खाली घालते," ती म्हणाली.

"हो."

"मंग हे कोण बोललं?"

"मी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. ती घाबरलेली दिसली आणि मला रडू आलं. कौसल्याबाई पदराशी चाळा करत होत्या, धम्मरत्न पंख्याकडे बघत होता. 

"ताई, तुमाले एवढ्या दुरून बोलावलं, माफ करा," आई शेवटी म्हणाली. "पोरगी नाही म्हणते."

 ती माझ्याशेजारी खाली बसली.

"मी बी आत्ताच आयकलं."