वर्गणीचे चौदा चेक

आसावरीला संशय आला तो शुभामावशींच्या चेकवरून. गणपतीच्या वर्गणीला अकरा डॉलर काढताना ज्यांचा जीव खालीवर होतो, त्या बाईंनी निवडणुकीला दोनशे एक डॉलर द्यावेत? तेही स्कूल बोर्डाच्या?

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात लहानाची मोठी झालेली नैना गावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या या बोर्डासाठी उभी होती, आणि तिच्या प्रचाराच्या खजिनदारपदाची माळ आसावरीच्या गळ्यात पडली होती. कुठला डॉलर कुणाचा, हे सहीनिशी सरकारला कळवायचं काम तिचं. नैनाचे पदरचे पैसे कधीच संपले होते. आज पाचच्या आत प्रिंटरचं बिल भरलं नाही, तर तिची घरोघर जाणारी प्रचाराची पोस्टकार्डं निघणार नव्हती आणि अर्ध्या गावाला तिचं नावही कळणार नव्हतं. म्हणून तर काल गुरुदत्तकाका चौदा चेक घेऊन आले, तेव्हा आसावरीने त्यांना आग्रहाने चहा-चिवडा दिला होता.

तिने मावशींना फोन लावला.

"अगं, माझे कुठले पैसे?" मावशी मोकळेपणाने म्हणाल्या. "गुरुदत्तने कॅश दिली, मी चेक फाडला. सगळ्यांनीच तसं केलं."

आसावरीने कपाळावर हात मारून घेतला आणि काकांना तडक बोलावलं.

"काका, कॅश कुणाची होती?"

"व्हिसावाल्या पोरांची." काका निवांत होते. तीस वर्षं मंडळाची वर्गणी गोळा करणारा माणूस. "मनापासून द्यायचे होते गं त्यांना. पण ग्रीन कार्डसुद्धा नाही, म्हणून त्यांचे चालत नाहीत म्हणे. मग सिटिझनच्या नावावर घेतले. गणपतीला करतोच की आपण. पैसे एकाचे, पावती दुसऱ्याची."

"गणपती रिपोर्ट मागत नाही, काका! हा गुन्हा आहे. नैना बदनाम होईल, मी आत जाईन!"

"एवढं काय त्यात? समोरच्याची तीन-तीन कार्डं आलीत घरोघर. त्याचे पैसे कुठून आले, ते विचारलंस?"

विचारलं होतं ना. दोन रविवार त्यात घालवले होते. त्याच्या कार्डांमागे चांगल्या शाळांचं नाव लावलेली एक संस्था, तिला पैसे देणारी दुसरी संस्था, आणि पुढे रस्ताच बंद. सगळं वकिलांनी कायद्यात चपखल बसवलेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी द्यायची कुणी, तर आसावरीने! ती मनातल्या मनात धुमसत राहिली.

तिने फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा नैनाने मात्र क्षणभरही विचार केला नाही. "आसावरीमावशी, परत कर सगळे. आय कान्ट विन लाइक धिस." मग हळूच म्हणाली, "पोस्टकार्ड्स कॅन्सल करू का मी?"

"मी करते," आसावरी म्हणाली. तेवढं तरी पोरीला करायला लागू नये.

चेक काकांच्या हातात कोंबून तिने ते ज्याचे त्याला परत करायला, आणि त्यांच्याकडून कॅश घेऊन ती ज्याची त्याला पोचवायला त्यांना पिटाळलं. व्हिसावाल्यांतल्याच, पुढच्या गल्लीतल्या दीपाचे पैसे मात्र शुभामावशींकडून घेऊन ती स्वतः गेली. दीपाची दोन्ही मुलं इथल्याच शाळेत होती. ग्रीन कार्डच्या रांगेत तिची बारा वर्षं गेली होती.

सगळं ऐकून दीपाने पाकीट घेतलं. "ताई, बारा वर्षं टॅक्स भरतेय. तेव्हा कुणी विचारलं नाही, हे पैसे सिटिझनचे आहेत का म्हणून."

आपण कुणावर चिडलोय, हे आसावरीला धड सांगता आलं नसतं.

"मी काहीच करू शकत नाही का मग?" दीपाने विचारलं.

"करू शकतेस. नैनासाठी दारोदार फिरू शकतेस. फुकट असेल तर चालतं. कायद्यात बसतं ते."

"म्हणजे माझे पैसे नकोत, मेहनत चालेल."

"हो," आसावरी म्हणाली. तिची मान वर होईना.

दीपाने पाकीट टेबलावर टाकलं आणि पायात बूट चढवले.