आईला सांगतोस तसं

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. लहानपणी तो रडायला लागला की तीन घरं पलीकडची माणसं दारात यायची, म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं. पुढे त्याच गळ्यावर त्याचं पोट भरायला लागलं. फरशी पुसायचं औषध, कुलपं, गाद्या, पोरांची उंची वाढवणारी पावडर, सगळ्यांच्या जाहिराती तो रेडिओवर बोलायचा. यातली एक वस्तू त्याच्या घरात असेल तर शपथ.

त्याची कामाची एक रीत होती. कागद हातात आला की अर्थ वाचायचा नाही. श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ, शब्द दाबायचा तिथे खालून रेघ, आणि बावीस सेकंदांत मजकूर संपवायचा. अर्थ बघत बसलं की जीभ अडखळते, हे तो पहिल्याच वर्षी शिकला. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या पोटतिडकीने बोलतोय म्हणजे माणसाला काहीतरी ठाऊक असणार. त्याला काडीचं ठाऊक नसतं. पोटतिडीक ही पोटासाठीच असते.

डोळ्यांत घालायच्या थेंबांची जाहिरात आली, त्या दिवशी स्टुडिओत त्याने ती तीनदा वाचली. काचेपलीकडे कंपनीचा माणूस नकारार्थी मान हलवत बसला होता.

"विकल्यासारखं वाटतंय रे."

"विकायचंच आहे ना साहेब?"

"म्हणूनच विकल्यासारखं नको. डोळे मीट. समोर तुझी आई बसलीय असं समज. आईला सांगतोस तसं सांग."

भोंग्याने डोळे मिटले. आई खिडकीपाशी बसून शिंप्याकडून आणलेल्या शर्टांना बटणं लावत होती. रोज बसायची तशीच. त्याचा आवाज आपसूक खाली आला. "आई, किती दिवस ती झोंबणारी औषधं घालणार आहेस? पुरे झालं आता. हे दोन थेंब घाल आणि बघ. माझं ऐक ना." शेवटचं डॉक्टरांच्या सल्ल्याचं वाक्य त्याने नेहमीसारखं एका दमात उरकून टाकलं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काचेपलीकडे कंपनीच्या माणसाने खुशीने दोन्ही हात वर केले.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता. चार वर्षं सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि थेंब पडले की पाच मिनिटं डोळे चोळायचे नाहीत, नुसतं दात आवळून बसायचं. हे सगळं त्या बूथमध्ये त्याला आठवलं नाही का? आठवलं. त्याच आठवणीवर तर आवाज लागला होता.

सहा महिन्यांनी तो तिला तपासणीला घेऊन गेला. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. आई स्वस्थ बसून होती. मध्येच कधीतरी बटण वाजायचं. भोंग्याला वाटलं, यंत्र बिघडलंय.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, डोळ्यांचा दाब मोजला, परत मोजला.

"आजी, औषध बंद केलं होतं?"

"बंद कशाला करीन? बदललं. यानेच सांगितलं."

"मी? मी कधी सांगितलं?"

"रेडिओवर नाही का?"

भोंगा हसला. खरंच हसला. मग डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"अगं, ती जाहिरात होती!"

"मला काय कळत नाही? गाद्यांचीही जाहिरातच असते. आणल्या का मी गाद्या? गाद्या विकताना तुझा आवाज वर चढतो. यात तो खाली होता. आणि आई म्हणालास. मला वाटलं, सूनबाईसमोर लाड करायला लाजतोय, म्हणून तिकडून सांगतोय."

"मग मला एकदा विचारायचं तरी!"

"पोटच्या पोरानं सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं रे?"

डॉक्टरीणबाई समजुतीच्या भानगडीत पडल्या नाहीत. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली, उजवीकडची जवळजवळ सगळी, आणि ती परत येणार नाही. समोरचं उरलंय तेवढं राखायचं असेल तर आता दिवसातून तीनदा थेंब. एक वेळही चुकवायची नाही. "आणि तुम्ही," त्या भोंग्याला म्हणाल्या, "घरात तरी खरं बोलत जा."

बाहेर येऊन आईला बाकावर बसवून त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"बंद करा ती जाहिरात. माझ्या आईची नजर गेली."

"वाईट झालं. पण डॉक्टरांना विचारा असं आपण सांगितलंय की. तूच बोललायस."

"दीड सेकंदात बोललोय! कुत्र्यालाही कळलं नसतं."

"मग? तेवढ्याचसाठी तर तुला बोलावतात. आणि हे बघ, आवाज तुझा काढला तर उद्या दुसऱ्याचा बसेल. त्यालाही आई असेलच."

भोंग्याने त्याला आईवरूनच शिवी घातली. त्याने काय होणार होतं? जाहिरात दुपारी परत लागली असणार.

घरी आल्यावर त्याने नवी बाटली उघडली, आईपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, हे थेंब सोडायचे नाहीत हं. माझं ऐक."

म्हातारीची मान ताठ झाली. तिच्याबरोबर त्यालाही ऐकू आलं होतं. तोच खालचा, मऊ आवाज. त्याने घसा खाकरला, कोरडेपणाने सांगून पाहिलं. मग ओरडून सांगितलं. ओरडल्यावर गादीवाल्यासारखं वाटलं.

"हे कुणी बोलायला दिलंय का तुला?" आईने विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याने आनंदाने सोसला असता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"आई, डॉक्टरांनी दिलंय. तू होतीस ना तिथे?"

"होते रे. पण तुझ्या तोंडून ऐकलं की मला शंका येते. मी काय करू?" तिने हाताने हवेत चाचपलं. "सूनबाई, कुठे आहेस गं? तू सांग. हे घालू का?"

"घाला आई," त्याची बायको पुढे येत म्हणाली. "मी घालते. मान मागे करा."

तिने भोंग्याच्या हातातून बाटली काढून घेतली. त्याने जागा करून दिली आणि तो उठून आईच्या उजव्या अंगाला उभा राहिला. थेंब पडले. आईने दात आवळले आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी उघडून ती सुनेला म्हणाली,

"गेला का गं तो बाहेर?"

भोंगा हातभर अंतरावर उभा होता. इथेच आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं.