हिंदुस्थानातला डनकार्डी

नझीरने टाइपरायटरमधून कागद ओढून काढला, मधले कार्बन सोडवले आणि शेवटच्या प्रतीवर अक्षर नीट उमटलंय का, ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. बाहेर कुवेतची जुनी तटबंदी पाडायचं काम चाललं होतं. त्या मातीचा पातळ थर दिवसभर टेबलावर, फायलींवर आणि चहाच्या पेल्यावरही बसत होता.

कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं : डनकार्डी घराणे, नामवंत व्यक्ती आणि स्थळे. पान एकशे बेचाळीस.

डनकार्डी साहेब त्या इंग्रज बांधकाम कंपनीचे मॅनेजर. मूळचे स्कॉटलंडचे. बायको नाही, मूल नाही, पण जगाच्या पाठीवर ज्याचं म्हणून नाव डनकार्डी, तो त्यांचा सगासोयरा. एक बिशप होता, जहाजांचे दोन कप्तान होते, मधमाश्यांवर ग्रंथ लिहिणारा एक डॉक्टर होता. न्यूझीलंडात याच नावाची नदी होती आणि कॅनडात एक स्टेशन, जिथे आता गाडी थांबत नव्हती. सकाळी कंपनीची पत्रं आणि जेवणानंतर डनकार्डी, असा ऑफिसचा शिरस्ता होता. साहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. अख्ख्या ऑफिसात ते लागायचं एकट्या नझीरला. चार वर्षांपूर्वी त्याला या गोष्टीचा केवढा अभिमान वाटला होता!

त्याने पान साहेबांपुढे ठेवलं आणि त्यावर रजेचा अर्ज ठेवला. हा तिसरा.

"यादी पुरी होऊ दे, नझीर. तू गेलास तर माझं अक्षर कोण वाचणार?"

"मुलीचा निकाह आहे, साहेब. ईदेनंतरच्या दुसऱ्या जुम्याला."

"अरे वा, अभिनंदन!" साहेब अगदी मनापासून म्हणाले आणि अर्ज त्याच्याकडे परत सरकवला.

नझीर घर सोडून निघाला तेव्हा सुगरा चौदा वर्षांची होती. आता अठरा. त्यांच्यात निकाहाला बाप लागतो. नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन बापाने आपल्या तोंडाने म्हणायचं असतं, 'माझी मुलगी सुगरा तुला निकाहात दिली.' हे वाक्य नझीर ऑफिसला येता-जाता पुटपुटत असे. चार वर्षं तिच्यासाठी इथे झिजायचं आणि तिला द्यायला मात्र आपणच नाही, या विचाराने तो अर्धं ताट तसंच बाजूला सारायचा. पण पासपोर्ट साहेबांच्या लोखंडी कपाटात होता, आणि न विचारता गेलेल्या माणसाला कंपनी पुन्हा दारात उभं करत नसे. त्या नोकरीवर घरची सहा माणसं जेवत होती.

साहेबांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर काठी फिरवली.

"सगळीकडे आहोत आम्ही. फक्त हिंदुस्थानात एकही डनकार्डी नाही. नवल नाही का?"

ऑफिसात नझीर कधी खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी ते कसं आलं ओठावर, त्यालाही कळलं नाही.

"आहे ना, साहेब. दापोलीला, माझ्या गावाजवळ. तिथे गोऱ्या लोकांची जुनी कबरस्तानं आहेत. लहानपणी मी हे नाव वाचलंय एका दगडावर."

साहेबांनी काठी खाली ठेवली. चष्मा काढला.

"खात्री आहे?"

"जाऊन पाहावं लागेल. ठसा घ्यावा लागेल दगडाचा."

"मग तूच जा! तुझ्याशिवाय कोण जाणार?"

दोन श्वासांपुरता नझीर मनाने गावाकडच्या हर्णैच्या बंदरात उतरलासुद्धा. तेवढ्यात साहेब म्हणाले, "पण आधी तिथल्या पोस्टमास्तरला लिहू. माझ्या यादीत कच्चं काही नसतं." ते पत्रही नझीरनेच टाइप केलं.

संध्याकाळी खोलीवर त्याने अशरफला सगळं सांगितलं. अशरफ श्रीवर्धनकडचा, कंपनीच्या गोदामात होता.

"आनी पोस्टमास्तरान लिवलान, कबर नाय म्हनून? मग रे?"

"मग खेळ खलास."

"अरे, तुजो मेवना थंच पोस्टात हाय ना? लिव की त्याला!"

नझीरच्या बायकोचा, रहिमाचा भाऊ गफूर दापोलीला पोस्टमन होता. नझीरने त्याला लिहिलं, 'माझी सुट्टी या कबरीवर अडली आहे. पोस्टमास्तरांना नाही म्हणू देऊ नकोस.' खाली साहेबांचं नाव ठळक इंग्रजी अक्षरांत काढलं. 'कबर असावीसं वाटतं, माणूस पाठवून पाहावं' एवढंच उत्तर त्याला हवं होतं. पण तेवढंच लिहायचं राहिलं. आपल्या माणसाला कोणी सगळं फोडून सांगतं का!

रमझानचे रोजे गेले, ईद झाली. ईदेनंतर तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला मोठ्याने हाक मारली. टेबलावर पातळ कागदाची गुंडाळी उलगडलेली होती. चारी कोपऱ्यांवर दौती आणि पेपरवेट ठेवले होते.

कोळशाने घासून घेतलेला दगडाचा ठसा होता तो. कॅप्टन ए. डनकार्डी, १८२३. अक्षरं काल कोरल्यासारखी धारदार. सोबत पोस्टमास्तरांचं सही-शिक्क्याचं पत्र होतं : आमचे पोस्टमन गफूर यांनी जातीने जागेवर जाऊन ठसा घेतला आहे.

ठशाच्या तळाशी एक लहानसं फूल होतं. नझीर ते पाहतच राहिला. रहिमाच्या चुलीपाशी जो वाटणाचा पाटा होता, त्याच्या कडेला हेच फूल होतं. हर्णैचा जाफर पाथरवट आपल्या प्रत्येक पाट्यावर ते काढायचा.

"थिसल!" साहेबांचा आवाज कापरा झाला. "आमच्या स्कॉटलंडचं फूल! त्या परक्या मुलखात कोणीतरी आठवणीने कोरलं बघ." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "तुझ्या माणसांचे उपकार आहेत माझ्यावर. आणि तुझीही दगदग वाचली, नझीर. आता तुला इतक्या लांब जायची गरजच नाही."

नझीरने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण पोस्टमास्तरांच्या शिक्क्याखाली गफूरचं नाव होतं. गफूरची नोकरी गेली असती, आपलीही गेली असती. तो खुर्चीवर बसला. साहेब सांगत गेले आणि तो टाइप करत गेला : हिंदुस्थान, दापोली, कॅप्टन ए. डनकार्डी.

खोलीवर आला तर गफूरचं खाजगी पत्र येऊन पडलं होतं. नझीरला ते वाचवेना. अशरफने वाचून दाखवलं.

'नझीरभाई, तुमचा काम झाला. दगड जाफरचाचांनी कोरलाय, रोजे धरून आठ दिवस बसले होते. अर्ध्या गावाने मिळून तो गोऱ्यांच्या कबरस्तानात नेऊन पुरला. आता सुट्टी पक्की! बोटीची तारीख कळवा, बंदरावर सगळी येणार हाव. सुगरा म्हनते, बाबांनीच मना द्यायची.'

अशरफने पत्राची घडी केली. ती नझीरच्या हातात देत तो हळूच म्हणाला,

"कोनाला तरी वकील कर, तो तुज्या वतीन सुगराला देल. बापाचा कागद असला, दोन साक्षी असल्या, तर चालतं. एक सही मी करतंव."

नझीर भिंतीला टेकून बसला होता. मग उठला, पेटीतून कागद काढला, गुडघ्यावर पाटी घेतली.

'प्रिय गफूर,' त्याने लिहिलं, 'दगड फार छान झालाय. साहेब खूश आहेत. आता आणखी एक काम तुझ्याच हातून व्हायचं आहे.'